बँकेला टाळे लागते तेव्हा : अवसायनाचा एक अभ्यास

बँक ‘बुडते’ म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तो प्रसंग गावावर येऊन कोसळल्यानंतरच विचारला जातो. दारावर सूचना चिकटवलेली असते, पायऱ्यांवर हातात पासबुक घेऊन माणसे बसलेली असतात, आणि त्यांच्या शंकांना उत्तर देण्याची पाळी सरपंचावर, शाळेतील गुरुजींवर किंवा ग्रामसेवकावर येते. पैसे गेले की अडकले? मिळणार असतील तर किती, केव्हा आणि कोणाकडून? कर्ज काढलेल्याने आता हप्ता भरावा की नाही? या प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत. परंतु ती कायद्यात आली ती अनेक बँका बुडाल्यानंतर. म्हणून हा विषय इतिहासाच्या वाटेनेच समजून घेणे सोयीचे ठरते.

कोल्हापूर, सांगली व सातारा हा पट्टा बँकव्यवसायाच्या दृष्टीने जुना आणि जाणता आहे. कोल्हापूर अर्बन बँक १९१३ ची, सांगली बँक १९१६ ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ ची, कोल्हापूरची रत्नाकर बँक १९४३ ची आणि बँक ऑफ कराड १९४६ ची. गुळाचे आडते, हळदीचे व्यापारी, वकील, पेन्शनर आणि चार पैसे गाठीला असलेले बागायतदार यांच्या भांडवलावर या संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी सांगली बँक २००७ साली आणि युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली मोठ्या बँकांत विलीन झाल्या. बँक ऑफ कराडच्या वाट्याला मात्र अवसायन आले. एकाच कृष्णाकाठच्या दोन बँकांचे असे दोन वेगळे शेवट का झाले, याचा विचार पुढे येईलच.

महामंदीचा काळ

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात जी पडझड झाली तिचे परिणाम सर्वांत तीव्रतेने जाणवले ते अमेरिकेच्या लहान गावांत. तेथील गावोगावच्या बँका आसपासच्या शेतकऱ्यांना जमिनीच्या तारणावर कर्ज देत. गहू आणि कापूस यांचे भाव कोसळताच कर्जे थकली, जमिनीला गिऱ्हाईक उरले नाही, आणि ठेवीदारांनी दारात रांगा लावल्या. १९३० ते १९३३ या चार वर्षांत त्या देशात सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. मार्च १९३३ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी अधिकारपदावर येताच देशातील सर्व बँकांना काही दिवस सुट्टी दिली, तपासणीत सुस्थितीत आढळलेल्या तेवढ्या उघडल्या, आणि त्याच वर्षी ठेवींच्या विम्याचा कायदा केला. १ जानेवारी १९३४ पासून प्रत्येक ठेवीदाराची २,५०० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. देशव्यापी ठेव विमा करणारा दुसरा देश भारत. परंतु त्यासाठी आपल्याला आणखी २८ वर्षे थांबावे लागले.

आपल्याकडे मंदी आली ती शेतमालाच्या भावातून. १९२८ ते १९३४ या काळात गव्हाचा भाव निम्म्यावर आला. कापूस, भुईमूग, गूळ यांची गत फारशी वेगळी नव्हती. शेतसारा मात्र रोख रकमेत ठरलेला होता आणि सावकाराचे व्याजही. म्हणजे ज्या कर्जाच्या फेडीला पूर्वी एक गाडी माल पुरत असे त्याच कर्जाला आता दोन गाड्या लागू लागल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडल्यावर सोन्याचा भाव चढला, आणि घराघरांतून पाटल्या, पुतळ्या बाहेर पडून सराफाकडे व तेथून मुंबई बंदरातून परदेशी गेल्या. सारा आणि व्याज भागवण्यासाठी स्त्रीधन मोडले गेले, हे या मंदीचे आपल्याकडील खरे चित्र. कोल्हापूरच्या आसपास १९३२ च्या साखर संरक्षण कायद्यानंतर उसाला काहीसा आधार मिळाला आणि कसबा बावड्याला साखर कारखाना उभा राहिला. तथापि हा दिलासा बागायतदारांपुरताच होता. जिराईत शेतकऱ्याला त्याचा लाभ नव्हता.

या काळात महाराष्ट्रात सर्वाधिक प्रमाणात अवसायनात निघाल्या त्या गावोगावच्या सहकारी पतपेढ्या. या पेढ्या अमर्यादित जबाबदारीच्या तत्त्वावर स्थापन झालेल्या असत. सभासदांपैकी एकाने कर्ज बुडवले तर त्याचा भार इतर सर्वांवर येई, आणि तोही त्यांच्या भागभांडवलापुरता मर्यादित नसे. पेढी मोडीत निघाली की निबंधक अवसायक नेमी, अवसायक प्रत्येक सभासदाने किती वर्गणी भरावी हे ठरवी, आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. स्वतः वेळेवर फेड केलेल्या माणसाच्या दारात दुसऱ्याच्या कर्जापोटी जप्ती येई. वऱ्हाडात तर वसुलीत आलेल्या जमिनी मध्यवर्ती बँकांच्या गळ्यात पडल्या. बँकांनी शेती कसायची की बँक चालवायची, असा प्रसंग उभा राहिला. मुंबई इलाख्यातील सहकारी चळवळीच्या पुनर्रचनेचा विचार करण्यासाठी मेहता व भणसाळी यांची जी समिती बसली तिचा अहवाल १९३७ मध्ये आला, त्याची पार्श्वभूमी ही आहे. सहकाराविषयी खेड्यातील जुन्या पिढीच्या मनात दीर्घकाळ जी अढी राहिली तिचे मूळ केवळ अज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. त्यांनी जप्त्या पाहिल्या होत्या.

व्यापारी बँकांची स्थितीही ठीक नव्हती. १९१३ साली मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली होती, आणि त्या धक्क्यानंतरही बँकांसाठी वेगळा कायदा झाला नव्हता. किराणा दुकान आणि बँक या दोहोंना एकच १९१३ चा कंपनी कायदा लागू होता. १९३६ च्या दुरुस्तीने प्रथमच बँक कंपनीची व्याख्या झाली, किमान भरणा भांडवल ५०,००० रुपये ठरले आणि ठेवींच्या प्रमाणात काही रोकड राखण्याचे बंधन आले. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली होती; परंतु लहान बँकांची दप्तरे तपासण्याचा पुरेसा अधिकार तिला अद्याप नव्हता. त्याची किंमत १९३८ मध्ये दक्षिणेत मोजावी लागली. त्रावणकोर नॅशनल बँक आणि क्विलॉन बँक या दोन बँका १९३७ मध्ये एकत्र आल्या, आणि २१ जून १९३८ रोजी त्या संयुक्त बँकेने देणी थांबवली. संस्थानात मुळे, ब्रिटिश हद्दीत शाखा आणि दोन्हीकडे वेगळे कायदे, अशी ती बँक होती. संस्थानी मुलखातील कोल्हापूरच्या वाचकाला यातील अडचण चटकन कळावी. ब्रिटिश हद्दीतील कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि बँकिंग कंपन्यांचा पहिला समग्र कायदा १६ मार्च १९४९ पासून अमलात आला. पंधरा दिवसांचे हे अंतर योगायोगाचेच. पण येथील ठेवीदाराला देशातील एकसंध कायद्याचे छत्र लाभले ते तेव्हापासून, हे खरे. १९१३ ते १९४८ या कालावधीत देशात सुमारे १,१०० लहानमोठ्या बँका बुडाल्या होत्या.

हिशेब कसा कोलमडतो

बँक बंद पडली की ‘संचालकांनी पैसे खाल्ले’ हे विधान हमखास ऐकू येते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु एका पैशाचाही अपहार न होता बँक बुडू शकते, हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडू. आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर लिहून दाखवण्याजोगा हा हिशेब आहे.

समजा, १९३० च्या सुमारास एका तालुक्याच्या गावी एक बँक आहे. तिचे विकलेले भांडवल १ लाख रुपये, त्यातील भरणा ५०,०००. उरलेले ५०,००० भागधारकांकडून मागणीनुसार घ्यावयाचे आहेत. (त्या काळी अर्धवट भरणा केलेले शेअर ही सर्रास पद्धत होती.) लोकांच्या ठेवी ५ लाख. म्हणजे बँकेच्या हाती एकूण साडेपाच लाख रुपये आले. ते तिने असे गुंतवले : तिजोरीत रोकड ५०,०००, सरकारी रोखे ६०,०००, स्वतःची इमारत ४०,००० आणि शेतकरी-व्यापाऱ्यांना कर्जे ४ लाख. ताळेबंद जुळतो. सारे व्यवस्थित आहे.

आता बाजारात कुजबुज सुरू होते. एका मोठ्या आडत्याने हात वर केले आणि त्याला या बँकेने कर्ज दिले आहे, एवढी बातमी पुरते. आठ दिवसांत पाचव्या हिश्शाहून थोड्या अधिक ठेवी परत मागितल्या जातात. बँक प्रथम ५०,००० रोकड देते. मग घाईने रोखे विकते व त्यांचे ५५,००० येतात, तेही देते. १,०५,००० रुपये वाटून झाल्यावर तिजोरी रिकामी होते. कर्जे चार लाखांची आहेत, पण ती उभ्या पिकात आणि गोदामातील मालात अडकलेली. ती आज मागून आज मिळत नाहीत. दार बंद होते. बाहेर ३,९५,००० रुपयांचे ठेवीदार उरतात.

अवसायक येतो. मंदीमुळे ४ लाखांच्या कर्जांपैकी २,४०,००० वसूल होतात. इमारतीला २५,००० येतात. भागधारकांकडील उरलेल्या ५०,००० ची मागणी केल्यावर ३०,००० हाती लागतात. एकूण २,९५,०००. त्यातून नोकरांचे पगार, कोर्टखर्च व अवसायनाचा खर्च मिळून १८,५०० वजा जाता २,७६,५०० राहतात. ते ३,९५,००० च्या ठेवींवर वाटले तर शेकडा ७० पडतात. जुन्या भाषेत, रुपयाला सुमारे सव्वाअकरा आणे. आणि हे सव्वाअकरा आणेही एकदम मिळत नाहीत. दोन वर्षांनी चार आणे, आणखी तीन वर्षांनी तीन, असे ते तुकड्यातुकड्यांनी येतात.

या हिशेबात एक बोच आहे, ती विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. पहिल्या आठ दिवसांत जे रांगेत पुढे होते त्यांना सोळा आणे मिळाले. ते बहुधा गावातलेच, बातमी आधी कानावर येणारे, बँकेच्या वर्तुळातले लोक असतात. आठवड्याच्या बाजाराला येणारी विधवा, आडगावचा शिक्षक, मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर पाठवणारा कामगार हे रांगेच्या शेपटाला. तोटा सर्वांचा असतो आणि भरतात ते मागचे. सर्वांनीच धीर धरला असता तर, हे विधान सोपे आहे. पण शेजारी धीर धरील याची हमी नसताना आपण धरणे हा शहाणपणा ठरतो का, याचे उत्तर उपदेशाने मिळत नाही. ते हमीची व्यवस्था करूनच मिळते.

अकोला आणि पालई

ती व्यवस्था होण्यास निमित्त ठरली ती १९६० साली एकापाठोपाठ बुडालेल्या दोन बँकांचे : आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पालई सेंट्रल बँक. पालईची बँक त्या काळच्या आघाडीच्या खाजगी बँकांपैकी होती. रिझर्व्ह बँकेने ८ ऑगस्ट १९६० रोजी तिच्या समापनासाठी केरळ उच्च न्यायालयात अर्ज केला. रिझर्व्ह बँकेने अर्ज केला की न्यायालयाने समापनाचा हुकूम दिलाच पाहिजे, हे कायद्यातील कलम घटनेला धरून आहे का, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६२ मध्ये ते कलम वैध ठरले.

तोवर लहान ठेवीदाराला कायद्याचा आधार होता तो एवढाच : बचत खात्यावरील ठेवीदाराला, आणि त्यानंतर इतर ठेवीदारांना, इतर देण्यांच्या आधी २५० रुपयांपर्यंत रक्कम मिळावी. अकोल्यातील एखाद्या कारकुनाने मुलीच्या लग्नासाठी दोन हजार साठवले असतील तर त्याला आधी अडीचशे, बाकीसाठी वाट पाहणे. १९६० च्या दोन आपत्तींनंतर सरकारने दोन गोष्टी त्वरेने केल्या. बँकिंग कायद्यात दुरुस्ती करून, अडचणीतील बँकेवर काही काळ स्थगिती आणून ती दुसऱ्या बँकेत सक्तीने विलीन करण्याचा मार्ग खुला केला. दुसरी गोष्ट म्हणजे १९६१ चा ठेव विमा महामंडळ कायदा. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराच्या १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा लागू झाला. सक्तीच्या विलीनीकरणाचा परिणाम आकड्यांत दिसतो : १९५१ साली देशात ५६६ व्यापारी बँका होत्या, त्या १९६९ पर्यंत ८९ राहिल्या.

विम्याची मर्यादा पुढे वेळोवेळी वाढली. १९६८ मध्ये ५,०००, १९७० मध्ये १०,०००, १९७६ मध्ये २०,०००, १९८० मध्ये ३०,०००, १ मे १९९३ पासून १ लाख, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये. १९९३ ते २०२० या सत्तावीस वर्षांत मर्यादा जागची हलली नाही, ही गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. त्या काळात शिक्षकाच्या निवृत्तीच्या वेळी हाती येणारी रक्कम कितीतरी पटींनी वाढली होती. महाराष्ट्रातील सहकारी बँका या विम्याच्या कक्षेत आल्या त्या १९७१ पासून.

कराडची कहाणी

बँक ऑफ कराड ही कृष्णा-कोयनेच्या संगमावरील एका व्यापारी गावाची बँक. तिचे बुडणे पिकाच्या भावाने झाले नाही. जेथे ठेवी गोळा होत तेथेही झाले नाही. ते मुंबईत झाले. १९९१-९२ मध्ये सरकारी रोख्यांच्या बाजारात दलालांमार्फत बँका-बँकांत प्रचंड व्यवहार चालत. प्रत्यक्ष रोखे हाती येण्यास वेळ लागे, म्हणून विकणारी बँक खरेदी करणाऱ्या बँकेला ‘बँक रिसीट’ देई. रोखे आमच्याकडे आहेत, ते यथावकाश तुम्हाला देऊ, अशी ती पावती. धान्याच्या कोठाराची पावती असावी तसा हा प्रकार. कोठारात धान्य आहे या विश्वासावर पावती फिरते. बँक ऑफ कराडने दलालांच्या सोयीसाठी ज्या पावत्या दिल्या त्यांच्यामागे रोखे नव्हते. मोठमोठ्या वित्तसंस्थांनी या पावत्यांवर पैसे मोजले, ते दलालांच्या हाती गेले, आणि एप्रिल-मे १९९२ मध्ये रोखे घोटाळा उघडकीस आल्यावर कोठार रिकामे असल्याचे दिसून आले. बँकेच्या भांडवलाच्या मानाने पावत्यांचे दायित्व इतके मोठे होते की ते पेलणे तिला अशक्य होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने या व्यवहारांची छाननी केली.

मे १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने बँकेवर हंगामी अवसायक नेमला. ज्यांनी बँक रिसीट हा शब्दही ऐकला नव्हता त्या ठेवीदारांसमोर कराड आणि परिसरात टाळे लागलेली दारे आली. फरक एवढाच की १९३८ सालचा किंवा १९६० सालचा तो ठेवीदार आता राहिला नव्हता. विमा होता. मर्यादा त्या वेळी ३०,००० रुपये होती, आणि ठेव विमा महामंडळाने या एका बँकेच्या ठेवीदारांसाठी सुमारे ३७ कोटी रुपये दिले. ती रक्कम पुढे अवसायनातील वसुलीतून महामंडळाला परत मिळाली. १९९४ मध्ये बँक ऑफ इंडियाने बँक ऑफ कराड आपल्याकडे घेतली.

साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेशी याची तुलना उद्बोधक ठरते. २ सप्टेंबर २००६ रोजी त्या बँकेवर स्थगिती आली आणि ठेवीदारांना १०,००० रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा राहिली. सातारा शहरात त्या महिन्यात चिंता कमी नव्हती. परंतु महिनाभरातच, ३ ऑक्टोबर रोजी, ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि ठेवीदाराचा एक रुपयाही बुडाला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन शेवटांतील फरक बँकेच्या आकारात शोधू नये. साताऱ्याच्या बँकेचा तोटा कितीही मोठा असला तरी तो मोजता येत होता, त्यामुळे घेणारा पुढे आला. कराडच्या बँकेवर ऐन संकटात किती पावत्यांचे दावे येतील हेच कोणास सांगता येत नव्हते. मोजता न येणारे देणे कोणी पदरात घेत नाही.

अवसायनाची वाट

आता कार्यपद्धतीविषयी. सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला की राज्याचे सहकार आयुक्त व निबंधक यांच्याकडून अवसायकाची नेमणूक होते. कंपनी स्वरूपाच्या बँकेसाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. अवसायक रोकड, दप्तरे व तारणे ताब्यात घेतो आणि ठेवीदारांची यादी तयार करतो. ही यादी तीन महिन्यांच्या आत विमा महामंडळाकडे जावी व तेथून दोन महिन्यांत पैसे यावेत, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात परवाना रद्द होण्यापूर्वीच वर्षानुवर्षे निर्बंध चालत आणि ठेवीदार अधांतरी राहत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा प्रारंभी सहा महिन्यांत केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती, हे मुंबईत असलेल्या आपल्या अनेक गाववाल्यांनी अनुभवले आहे. २०२१ च्या दुरुस्तीने, निर्बंध लागू झाल्यापासून ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. ती १ सप्टेंबर २०२१ पासून अमलात आहे.

या ५ लाखांचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत चार खाती असली तरी एकाच व्यक्तीच्या नावावरील सर्व रकमा एकत्र धरल्या जातात. वेगळ्या बँकेतील ठेव मात्र वेगळी. विम्याचा हप्ता बँकेने भरावयाचा असतो, ठेवीदाराकडून तो घेता येत नाही. ठेवीदारच कर्जदार असेल तर कर्जाची वजावट होऊन उरलेली रक्कम मिळते. आणि बँक बंद झाली म्हणून कर्ज माफ होत नाही. अवसायकाची वसुली ही उरलेल्या ठेवीदारांच्या पैशांची वसुली असते. हप्ते थांबवा असा सल्ला चावडीवर देणारा माणूस प्रत्यक्षात शेजाऱ्याच्याच ठेवीवर घाला घालत असतो.

वाटपाचा क्रमही ध्यानात ठेवावा. विमा महामंडळाने ठेवीदाराला जे दिले तेवढ्यापुरते ते अवसायनात ठेवीदाराच्या जागी उभे राहते. ५ लाखांवरील रक्कम ज्याची अडकली आहे तो वसुलीच्या प्रगतीवर अवलंबून राहतो. भागधारक सर्वांत शेवटी. नागरी बँकेचा सभासद झाल्यावर मिळणाऱ्या लाभांशाची चर्चा होते, या शेवटच्या जागेची होत नाही.

कोल्हापूरकरांच्या आठवणीत ताजी असलेली घटना डिसेंबर २०२० ची आहे. २४ डिसेंबर रोजी रिझर्व्ह बँकेने कोल्हापूरच्या सुभद्रा लोकल एरिया बँकेचा परवाना रद्द केला. येथे रांगेत उभे राहून तिजोरी रिकामी होण्याचा प्रकार नव्हता. ठेवीदारांची देणी भागवण्याइतका पैसा बँकेकडे आहे, असे रिझर्व्ह बँकेनेच स्पष्ट केले होते. कारभार ठेवीदारांच्या हिताला बाधक रीतीने चालला होता आणि बँकेचे निव्वळ मूल्य किमान मर्यादेखाली गेले होते, म्हणून हे पाऊल उचलले गेले. म्हणजे घर जळण्याची वाट न पाहता धूर दिसताच दार बंद केले गेले. त्याच महिन्यात, ७ डिसेंबर रोजी, कराड जनता सहकारी बँकेचाही परवाना रद्द झाला. कराडला एकाच आयुष्यात दोनदा हा अनुभव आला. तेथील ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यामुळे पूर्ण रक्कम मिळेल, असे त्या वेळी जाहीर करण्यात आले. उरलेल्या एक टक्क्यात कोण असतात, हा प्रश्न पंचायत सदस्यांच्या कामाचा आहे. ५ लाखांहून अधिक रक्कम एकाच ठिकाणी ठेवणाऱ्यांत धनिक असतात तशा संस्थाही असतात : देवस्थाने, शिक्षणसंस्था, दूध संस्था. शंभर सभासदांचे पैसे संस्थेच्या एका नावावर असले की विम्याच्या दृष्टीने ठेवीदार एकच. केंद्र व राज्य शासनाच्या ठेवींना तर या विम्याचे संरक्षण मुळीच नाही.

आणि पतसंस्था? रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या नागरी, ग्रामीण बिगरशेती किंवा पगारदार सहकारी पतसंस्थांना, तसेच बहुराज्य पतसंस्थांना, ठेव विमा लागू नाही. त्यांच्या पाट्या, काउंटर, पासबुके आणि दारोदार फिरणारे पिग्मी एजंट हे सारे बँकेसारखेच दिसते. ठेवीदाराने पाहावयाची खूण म्हणजे रिझर्व्ह बँकेचा परवाना आणि ठेव विमा महामंडळाकडील नोंदणी. विमा असलेल्या बँकेला तसे दर्शनी जागी लावावे लागते. गावच्या शाळेतील मुलांची बचत, महिला बचत गटाची शिल्लक किंवा यात्रा समितीचा निधी कोणत्या संस्थेत आहे, आणि त्या संस्थेत ही दोन कागदपत्रे आहेत काय, याची माहिती ग्रामसभेच्या एका बैठकीत सहज गोळा करता येते.